कारखान्याच्या दाराबाहेरची मोटार : कॅलिफोर्नियातील हॉट रॉड आणि कर्तृत्वाचा प्रश्न

प्रस्तावना

आधुनिक जगाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात हेन्री फोर्ड यांचे नाव साधारणतः एकाच संदर्भात येते. १९०८ ते १९२७ या काळात त्यांच्या कंपनीने 'मॉडेल टी' ही मोटार दीड कोटीहून अधिक संख्येने बनविली; १९१३ मध्ये हायलँड पार्क येथील कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी करण्याची पद्धत सुरू झाली; वस्तू एकसारखी झाली, स्वस्त झाली, आणि कारागिराची जागा पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या मजुराने घेतली. इतके सांगून आपण पुढील प्रकरणाकडे वळतो. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेल्या त्या कोट्यवधी मोटारींचे पुढे काय झाले, हा प्रश्न वर्गात सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तो विचारला नव्हता, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

त्या प्रश्नाचे एक उत्तर दक्षिण कॅलिफोर्नियात सापडते. १९३० नंतरच्या तीन दशकांत तेथील तरुणांनी जुन्या फोर्ड मोटारी भंगारातून उचलल्या, त्यांचे अनावश्यक भाग काढून टाकले, इंजिने उघडून पुन्हा बांधली, पत्रा कापला, जोडला, घासला, रंगविला. आणि एकसारख्या मालातून अशा मोटारी घडविल्या की त्यांच्यासारखी दुसरी मोटार जगात नव्हती. या मोटारींना पुढे 'हॉट रॉड' हे नाव मिळाले. वेगाऐवजी रूपावर भर देणाऱ्या तिच्या भगिनीस 'कस्टम' म्हटले जाते. अशी 'एकमेव' मोटार कोणाची निर्मिती मानावी, हा या लेखाचा विषय आहे. मालकाची, ज्या गॅरेजचे नाव तिच्यावर लागले त्या गॅरेजची, की ज्यांची नावे कोठेच लागली नाहीत त्यांची? लोकप्रिय लेखनात याचे उत्तर ठरलेले असते : एकटा, स्वाभिमानी, कल्पक तरुण आणि त्याचे घरामागील गॅरेज. उपलब्ध पुरावा हे चित्र पूर्णतः खोटे ठरवीत नाही, परंतु फारच अपुरे ठरवितो.

भंगार, सपाट जमीन आणि लेथ

हॉट रॉडच्या उदयासाठी तीन गोष्टी एकाच ठिकाणी येणे आवश्यक होते. पहिली गोष्ट म्हणजे स्वस्त कच्चा माल. मॉडेल टीनंतर आलेल्या मॉडेल ए या मोटारी १९२७ ते १९३१ या काळात सुमारे पन्नास लाख बनल्या. नवी मोटार घेण्याची सवय अमेरिकेत इतकी रुजली होती की, दहा वर्षांची मोटार भंगारवाल्याच्या आवारात सहज मिळत असे. हा मुद्दा आपल्या अनुभवाशी ताडून पाहण्यासारखा आहे. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईतही तिच्या मोटारींची जुळणी होत असे. म्हणजे याच मोटारी आपल्या रस्त्यांवरही होत्या. परंतु येथे मोटार मूठभरांच्या मालकीची होती; ती जुनी झाली तरी दुरुस्त करून चालविण्याकडेच कल असे. कापून पाहण्यासाठी मोटार मुळात फुकट जावी लागते. टंचाईच्या समाजातही कौशल्य असते, मात्र ते वस्तू टिकविण्यात खर्च होते. हॉट रॉड हे विपुलतेचे अपत्य आहे, हे विसरून तिच्या निर्मात्यांच्या कल्पकतेचे गोडवे गाणे हा इतिहास नव्हे.

दुसरी गोष्ट भूगोलाची. लॉस एंजेलिसच्या ईशान्येस, डोंगर ओलांडल्यावर मोहावी वाळवंटात म्यूरॉक, रोझामंड, हार्पर, एल मिराज अशा कोरड्या सरोवरांचे तळ पसरलेले आहेत. पाणी आटून कडक झालेली, मैलोन्‌मैल सपाट अशी ही जमीन. तरुण मंडळी शनिवारी रात्री तेथे जाऊन मुक्काम करीत आणि पहाटे, वारा सुटण्यापूर्वी, मोटारी पळवीत. वेग मोजावयाचा तर घड्याळ हवे, रांग लावावयाची तर नियम हवेत. यातूनच १९३७ मध्ये निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' ही संस्था स्थापन केली व पुढील वर्षी म्यूरॉक येथे तिची पहिली स्पर्धा झाली. या संस्थेच्या सुरुवातीच्या काळातच व्हेडा ऑर या महिला चालकास सदस्यत्व मिळाले होते. महायुद्धाच्या काळात स्पर्धा बंद पडल्या असता या व्हेडा ऑर यांनीच संस्थेचे वार्तापत्र चालवून ते आघाडीवरील सदस्यांना पाठविले. 'एकटा तरुण' या चित्रात त्या बसत नाहीत, म्हणूनच बहुधा त्यांचा उल्लेख ओझरता होतो.

तिसरी गोष्ट यंत्राची. १९३२ मध्ये फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे व्ही आकाराचे इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत आणले. आठही सिलिंडर एका अखंड ओतीव ठोकळ्यात बसविण्याचे कठीण तंत्र कंपनीने साध्य केल्यामुळे हे शक्य झाले. सुमारे ६५ अश्वशक्तीचे हे इंजिन असलेली उघडी 'रोडस्टर' ४६० डॉलरना मिळत असे. सालातील शेवटच्या आकड्यावरून या मोटारीस 'ड्यूस', म्हणजे पत्त्यातील दुर्री, असे टोपणनाव पडले. तिचे बाह्यरूपही नीटस होते. चासीची बाजूची पट्टी उघडी दिसे आणि तिच्यावर उठावाची एक रेषा होती. मडगार्ड काढून टाकले तरी मोटार उघडीवाघडी वाटत नसे. हॉट रॉडच्या जगात १९३२ च्या फोर्डला आजही जे जवळजवळ देवत्व आहे, त्याच्या मुळाशी अशी अगदी साधी कारणे आहेत.

हे इंजिन अधिक शक्तिमान करण्याची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण कर्तृत्वाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. सिलिंडर पोखरून त्यांचा व्यास वाढवावयाचा. त्यांवरील झाकण तासून किंवा बदलून मिश्रणावरील दाब वाढवावयाचा. झडपा अधिक वेळ व अधिक उघड्या राहतील असा निराळ्या घाटाचा कॅमशाफ्ट बसवावयाचा. एका कार्ब्युरेटरऐवजी दोन किंवा तीन लावता येतील अशी नळरचना जोडावयाची. यांपैकी फार थोडी कामे घरामागील गॅरेजमध्ये होण्यासारखी होती. कॅमशाफ्ट एड विनफील्ड यांच्याकडून घासून आणावा लागे. नळरचना व्हिक एडलब्रॉक यांच्याकडून विकत घ्यावी लागे. लॉस एंजेलिसजवळील बेल या गावी जॉर्ज वाइट यांनी १९२० च्या दशकातच वेगाच्या सुट्या भागांचे दुकान थाटले होते. डेव्हिड लस्को यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात या सुट्या भागांच्या उद्योगाचा सविस्तर इतिहास मांडला आहे. तो वाचल्यावर स्वयंनिर्मित मोटारीची कल्पना बरीच सैल करावी लागते. दहा जणांकडून दहा भाग आणून अकराव्याने ते एकत्र बसविले, अशी वस्तुस्थिती होती. एकत्र बसविणे हेही कौशल्यच आहे, आणि ते लहान नाही. पण ते निराळे कौशल्य आहे.

युद्धानंतर

फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबले. युद्धाने दक्षिण कॅलिफोर्नियाला विमानांच्या कारखान्यांनी भरून टाकले आणि हजारो तरुणांना जोडकाम, तासकाम व इंजिनदुरुस्ती यांचे शिक्षण सरकारी खर्चाने दिले. युद्ध संपल्यावर हे हात मोकळे झाले. त्याबरोबरच लष्कराचे उरलेले सामान बाजारात आले. लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावल्या जाणाऱ्या जादा इंधनाच्या टाक्या विकत घेऊन त्यांत इंजिन व चालक बसविण्याची कल्पना १९४६ मध्ये बिल बर्क यांनी प्रत्यक्षात आणली. थेंबाच्या आकाराची ती टाकी हवा कापण्यासाठीच घडविलेली होती. नंतर ॲलेक्स झिडियास यांच्या 'सो-कॅल स्पीड शॉप'ची अशीच मोटार विशेष गाजली.

'हॉट रॉड' हा शब्दही याच सुमारास सर्वतोमुखी झाला, आणि तो प्रथम शिवीसारखा वापरला गेला. शहरातील रस्त्यांवर शर्यती लावणारी उनाड पोरे, असे वृत्तपत्रांतील चित्र होते. या अपकीर्तीस उत्तर म्हणून जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या लष्करी सभागृहात टायमिंग असोसिएशनने मोटारींचे प्रदर्शन भरविले. त्याच प्रदर्शनाच्या वेळी रॉबर्ट पीटरसन व रॉबर्ट लिंडसे या दोन तरुणांनी 'हॉट रॉड' या मासिकाचा पहिला अंक विकावयास काढला. पुढे वॉली पार्क्स हे या मासिकाचे संपादक झाले व १९५१ मध्ये त्यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन करून रस्त्यावरील शर्यती बंदिस्त धावपट्टीवर नेण्याची चळवळ उभारली. शर्यतीचा तो इतिहास रॉबर्ट पोस्ट यांच्या १९९४ मधील ग्रंथात आला आहे. येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते मासिक. वाळवंटात पहाटे पळालेली मोटार पन्नास-शंभर जणांनी पाहिली. मासिकात छापली गेल्यावर ती देशभर पाहिली गेली. एकमेव असण्याला आता प्रेक्षक मिळाला. इतिहासकाराने मात्र या साधनाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. मासिक जाहिरातींवर चालत होते आणि जाहिराती सुट्या भागांच्या विक्रेत्यांच्या होत्या. त्यामुळे लेखात विकत घेण्याजोग्या भागांची नावे तपशिलाने येतात, तर विकत न मिळणाऱ्या श्रमाची नावे गळतात. 'मालक अमुक, बांधणी अमुक' एवढ्यावर ओळ संपते. गंमत अशी की, विद्यापीठीय जगाने या विषयाची दखल फार लवकर घेतली होती. जीन बॉल्सली यांचा हॉट रॉड संस्कृतीवरील निबंध 'अमेरिकन क्वार्टर्ली' या नियतकालिकात १९५० मध्येच प्रसिद्ध झाला. डेट्रॉइटच्या अवजड, चकचकीत आणि सर्वांसाठी एकच अशा मोटारीविरुद्ध ही एक प्रकारची तक्रार आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ एच. एफ. मूरहाउस यांनी १९९१ मध्ये निराळाच मुद्दा पुढे आणला : नोकरीत कंटाळणारा मनुष्य सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये स्वखुशीने तितकेच कष्ट करतो, तेव्हा कामाविषयीची निष्ठा संपली असे म्हणता येत नाही, ती नोकरीबाहेर राहावयास गेलेली असते. प्रस्तुत लेखकास हा दुसरा विचार अधिक फलदायी वाटतो. जुळणीच्या पट्ट्याने कामगाराकडून जे काढून घेतले, तेच त्याने पट्ट्याच्या उत्पादनावर संध्याकाळी परत मिळविले.

दोन मोटारी

सामान्य विधानांपेक्षा प्रत्यक्ष वस्तू पाहणे बरे. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे रोडस्टर मोटारींचे जे प्रदर्शन भरले, त्यात 'अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर' हा किताब प्रथमच देण्यात आला. नऊ फूट उंचीचा तो चषक बिल नीकॅम्प यांच्या मोटारीस मिळाला. तिची बॉडी १९२९ च्या मॉडेल एची, चासीच्या पट्ट्या एसेक्स या निराळ्याच कंपनीच्या मोटारीच्या, इंजिन मर्क्युरीचे, आणि पुढचे नाक शर्यतीच्या मोटारीसारखे हाताने ठोकून घडविलेले. खालून हवा अडू नये म्हणून मोटारीचे पोट संपूर्ण पत्र्याने झाकलेले होते. तीन कारखान्यांचा माल आणि तरी पाहणाऱ्याला कोठेही सांधा दिसत नाही, हेच तिचे सौंदर्य मानले गेले.

सुंदर मोटारी पळत नाहीत, अशी कुजबुज तेव्हाही होती. नीकॅम्प यांनी ही बक्षीसपात्र मोटार एल मिराजच्या धुळीत नेली आणि १९५२ मध्ये ती ताशी १४२.४० मैल वेगाने पळविली. नंतर एका जखमी स्पर्धकाच्या मदतीसाठी त्यांनी तिची सोडत काढली. मोटार हातातून गेली. येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. कलावस्तू म्हणून किताब मिळालेली गोष्ट तिच्या कर्त्यानेच धुळीत घातली व अखेर सोडतीत देऊन टाकली. तिला जपून ठेवावे हा विचार त्याच्या मनात प्रबळ नव्हता. 'एकमेव' या शब्दाला आज आपण जे मोल चिकटवितो, ते त्या काळच्या व्यवहारात नव्हते.

दुसरी मोटार कस्टम प्रकारातील. १९५२ मध्ये बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाने आपली १९५१ ची मर्क्युरी बॅरिस बंधूंच्या गॅरेजमध्ये दिली. ज्येष्ठ बंधू सॅम हे पत्रेकामातील असामान्य कारागीर. धाकटे जॉर्ज हे रंग, रेखाटन, छायाचित्र आणि प्रसिद्धी यांत वाकबगार. टपाचे खांब कापून टप पुढे चार इंच व मागे सात इंच खाली बसविण्यात आला. दारांच्या काचांमधील उभा खांब काढून टाकला. दिवे आत ओढून त्यांच्या कडा पत्र्यात मिळवून टाकल्या. बाजूची चकाकती पट्टी ब्यूइक मोटारीची घेतली आणि सारी मोटार फिक्या व गडद अशा दोन हिरव्या रंगांत रंगविली. हे सारे सांगावयास सोपे आहे. टप खाली आणला की वरचा भाग खालच्या भागाशी जुळत नाही. मागची काच नव्या कोनात बसवावी लागते. प्रत्येक जोडावर वितळलेले शिसे लाकडी पट्टीने पसरून, थंड झाल्यावर कानशीने घासून गोलाई आणावी लागते. शिशाचा थर जाड झाला तर तो पुढे तडकतो. पत्रा फार तापला तर पिळवटतो. चांगल्या कारागिराचे काम म्हणजे शिसे कमीत कमी लागेल इतका पत्रा आधी नीट ठोकणे. अशा मोटारींना विनोदाने 'शिशाची घसरगाडी' म्हणत. त्या शिशाची धूळ आणि वाफ ज्यांच्या श्वासात गेली, त्यांच्याविषयी मासिके मौन पाळतात.

हिरोहाटा यांचे नाव मोटारीला लागले ही बाब लहान नाही. त्यापूर्वी दहाच वर्षे, १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरेदारे सोडावयास लावून छावण्यांत डांबले होते. त्याच किनाऱ्यावर जपानी आडनावाची मोटार १९५२ च्या 'मोटोरामा' प्रदर्शनाचे आकर्षण ठरली. १९५३ मध्ये हिरोहाटा यांनी तीत कॅडिलॅकचे इंजिन बसविले आणि ती स्वतः चालवीत इंडियानापोलिसपर्यंत नेली. त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी मासिकातही लिहिले. १९५५ च्या 'रनिंग वाइल्ड' या चित्रपटात ती दिसते. पुढे तिचा रंग बदलला, मालक बदलले, आणि १९५९ मध्ये एका किशोरवयीन मुलाने ती पाचशे डॉलरना विकत घेतली. सात वर्षांपूर्वी जिच्याभोवती गर्दी जमत होती, तिची ही किंमत.

नाव कोणाचे?

जॉर्ज बॅरिस यांच्या नावाभोवती पुढे जे वलय निर्माण झाले, ते पाहता हा प्रश्न टाळता येत नाही. 'आला कार्ट' ही मोटार याचे चांगले उदाहरण होय. १९२९ च्या मॉडेल ए ट्रकपासून घडविलेल्या या मोटारीस १९५८ व १९५९ अशी सलग दोन वर्षे ओकलंडचा किताब मिळाला. मालक फ्रेस्नो येथील रिचर्ड पीटर्स. यंत्रकामात ब्लॅकी गेजियन यांचा सहभाग. मोतिया पांढऱ्या रंगावरील झालरीचे रंगकाम डीन जेफरीज यांचे. तरीही मोटार ओळखली जाते ती बॅरिस यांची म्हणून. यात लबाडी होती असे सुचवावयाचे नाही. मोठ्या चित्रकारांच्या कार्यशाळांत किंवा आपल्याकडील मूर्तिकारांच्या कारखान्यांत जे चालत आले, तेच येथेही चालले. फक्त आपण त्याला 'एका माणसाचे स्वप्न' म्हणू नये.

वस्तूचे पुढचे भाग्य तर अधिकच विलक्षण आहे. एएमटी या कंपनीने आला कार्टची प्लॅस्टिकची जुळणी-प्रतिकृती बाजारात आणली आणि देशभरातील मुलांनी गोंदाच्या नळीने घरोघरी 'एकमेव' मोटार बांधली. एड रॉथ यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. १९५९ च्या 'आउटलॉ'मध्ये त्यांनी जुना पत्रा सोडून फायबरग्लासची बॉडी स्वतः घडविली. १९६१ च्या 'बीटनिक बँडिट'वर पारदर्शक घुमट बसविला आणि सुकाणूचक्राऐवजी एकच दांडा ठेवला. रेव्हेल कंपनीने तिच्या प्रतिकृती काढल्या, आणि १९६८ मध्ये मॅटेल कंपनीने 'हॉट व्हील्स' ही खेळण्यातील मोटारींची मालिका सुरू केली तेव्हा पहिल्या सोळांत ही मोटार होती. ठोक उत्पादनातून सुटलेली वस्तू फिरून ठोक उत्पादनात परत आली. रॉथ यांना याची खंत असावी असे दिसत नाही. त्यांनी विकलेल्या विक्राळ उंदराच्या चित्रांचे शर्ट मोटारींपेक्षा अधिक प्रसिद्ध आहेत.

टॉम वुल्फ यांनी १९६३ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात या मोटारींवर लिहिलेल्या दीर्घ लेखात त्यांना शिल्पकलेच्या पंक्तीस नेऊन बसविले. बॅरिस आणि रॉथ यांना त्यांनी कलावंत म्हणून वागविले, त्यांच्या आकारांची चर्चा युरोपीय शैलींच्या परिभाषेत केली. त्या लेखाने सुशिक्षितांचे डोळे उघडले हे मान्य करावे लागते. परंतु त्याच लेखाने एकट्या कलावंताची कल्पनाही या क्षेत्रावर कायमची बसविली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोणाची मोटार सुंदर आणि कोणाची संशयास्पद, हेही शेवटी समाजच ठरवितो. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी मोटार जमिनीलगत आणून संथ चालविण्याची 'लोरायडर' शैली विकसित केली. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस तरतूद आली की, मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या कड्याच्या तळाखाली असू नये. त्यावर तोड म्हणून विमानातील द्रवदाबाचे पंप बसवून मोटार हवी तेव्हा वर-खाली करण्याची युक्ती निघाली. १९५९ मध्ये रॉन ॲगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटमध्ये ती प्रथम वापरली असे मानले जाते. मोटार बुटकी करण्यावरील व रस्त्यावर संथ फेऱ्या मारण्यावरील बंधने राज्याने दूर केली ती १ जानेवारी २०२४ पासून. शिसे, रंग, रेघा, पत्रा, सारे तेच. ओकलंडचा चषक आणि पोलिसांची पावती यांच्यातील अंतर मोटारीवरून पूर्णतः समजत नाही.

मूळ रूप कोणते?

१९६० च्या दशकात डेट्रॉइटने स्वतःच वेगवान मोटारी विकावयास काढल्या आणि जुने हॉट रॉड गॅरेजांच्या कोपऱ्यांत पडून राहिले. १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटातील पिवळ्या ड्यूसने पुन्हा ओढ लावली, हे खरे. पण त्याआधीच एक निराळी घटना घडली होती. १९६९ च्या सुमारास जिम जेकब्स या तरुण बांधणीकाराने नीकॅम्प यांची मोटार शोधून विकत घेतली आणि तिच्यात स्वतःच्या आवडीचे बदल न करता ती १९५० च्या रूपात परत आणली. आज हे स्वाभाविक वाटते. त्या काळी ते परंपरेच्या विरुद्ध होते, कारण जुन्या मोटारीत बदल करणे हीच तर परंपरा. बदलासाठी जन्मलेल्या वस्तूचा एक क्षण निवडून तो गोठविण्यात आला. ती मोटार पुढे लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात गेली. १९९७ मध्ये पेबल बीच येथील अभिजात मोटारींच्या प्रतिष्ठित मेळाव्यात हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग सुरू झाला व डोआन स्पेन्सर यांची पूर्वीची १९३२ ची रोडस्टर तेथे गौरविली गेली. २०१४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने दोन ड्यूस मोटारींची तिकिटे काढली.

हा क्षण निवडताना कोणते निकष लावावेत, याविषयी इतिहासाच्या अध्यापकांना परिचित असाच पेच उभा राहतो. देवळाच्या जीर्णोद्धारात यादवकालीन भाग ठेवावा की मराठेकालीन, असा वाद आपण ऐकतो. त्याहून हा पेच वेगळा नाही. हिरोहाटा मर्क्युरी त्या किशोराने जन्मभर सांभाळली व बॅरिस यांच्या गॅरेजमध्ये पूर्वी काम केलेल्या कारागिरांच्या साहाय्याने तिला १९५२ च्या हिरव्या रंगांत परत आणले. मधल्या काळातील रंग, मधले मालक, मधली सात वर्षांची घसरण हाही तिचा इतिहासच होता, पण तो घासून टाकावा लागला. २०१७ मध्ये तिचा समावेश राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदपटात झाला. त्याच वर्षी 'जिप्सी रोझ' या लोरायडर शेव्हरोलेचाही त्या पटात समावेश झाला, याची नोंद घेणे न्याय्य होईल.

दरम्यान नवा प्रश्न सरकारी दफ्तरात येऊन पोहोचला होता. १९३२ च्या बॉडीचे नवे पोलादी साचे आता बाजारात मिळतात. चासी नवी, इंजिन नवे, बॉडीही नवी, असे असताना ही मोटार कोणत्या सालची? कॅलिफोर्नियाने २००१ मधील कायद्यान्वये ठरविले की, दर वर्षी पहिल्या पाचशे स्व-बांधणीच्या मोटारींना, त्या ज्या सालच्या मोटारीसारख्या दिसतात त्या सालचे प्रदूषणनियम लागू करता येतील. दिसण्यावरून साल ठरविण्याचा हा मार्ग इतिहासकाराला अस्वस्थ करणारा आहे. पण त्या बिचाऱ्या कारकुनापुढे दुसरा कोणता मार्ग होता, हेही सांगता येत नाही. वर्षारंभी कार्यालय उघडताच या पाचशे क्रमांकांसाठी रांगा लागत. एकमेव मोटारींचीही अशी संख्या ठरलेली.

जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातील एका लिलावात हिरोहाटा मर्क्युरी शुल्कासह २१ लाख ४५ हजार डॉलरना विकली गेली. लिलावाच्या मंचावर ती ढकलत आणली की चालवीत, हे गौण आहे; १९५३ मध्ये ती अर्धा देश ओलांडून गेली होती, आणि तेव्हा तिच्या काचेवर किडे चिकटले असणार. सॅम बॅरिस १९६७ मध्ये, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, वारले. त्यांनी कापलेला टप त्या किमतीत आहे. त्यांच्या शेजारी उभे राहून कानस चालविणाऱ्यांपैकी किती जणांची नावे अजून मिळविता येतील, हे आता उरलेल्या छायाचित्रांच्या मागील बाजूंवर आणि वयोवृद्ध कारागिरांच्या आठवणींवर अवलंबून आहे.